कोंडाबाईचा वर गेलेला हात

आमच्या कोंडाबाईला आडमुठी म्हणणारे लोक गावात हायत. त्यांच्या तोंडात माती पडो! लोह्याकडच्या आमच्या गावात गायरानाचा खडक फोडून तिनं अन् तिच्या नवऱ्यानं दोन एकर रान केलं. नवरा गेला, तरी बाई तिथंच ज्वारी पेरून राहिली. सातबारा तिच्या नावावर कधी झाला न्हाई, पण ते रान कोंडाबाईचं, हे गावातलं शेंबडं पोरगंबी सांगेल.

मग परदेशातली सौरऊर्जेची कंपनी आली. तिला सगळं गायरान पाहिजे होतं, अन् त्यासाठी ग्रामसभेचा ठराव. कोंडाबाई म्हणाली, "सभेत उभी राहून न्हाई म्हणते. लोकशाही हाय का मोगलाई?"

सरपंच किशनराव लई बेरकी. सभा त्यानं मुद्दाम आमच्या बुद्धविहारापुढं ठेवली. कंपनीच्या साहेबानं आधी बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला. वस्ती खूश! मग किशनरावानं तोंडातल्या तोंडात ठराव वाचला अन् साहेबाकडं बघितलं. साहेब माईकवर एकदम ओरडला, "बोला, जय भीम!"

आता जय भीम म्हटल्यावर आमचा हात खाली राहतो व्हय? अख्खी वस्ती गरजली, हात वर गेले. सगळ्यात पुढं कोंडाबाईचा. तेवढ्यात फोटो निघाला.

"ठराव एकमतानं मंजूर! सभा संपली!" किशनराव उठलाबी.

"अरे, मला बोलायचं हाय की!" ती वरडत राहिली. माईक कवाच बंद केला होता भाडखावांनी.

मी तिला तहसीलला घेऊन गेलो. तिथल्या साहेबानं तोच फोटो पुढं सरकवला. "आजी, हा हात कुणाचा?"

"माझाच हाय," बाई म्हणाली. खोटं बोलायची सवयच न्हाई मेलीला! "पण साहेब, त्यो बाबासाहेबांसाठी वर केलता."

"फोटोत तसं दिसत नाही," साहेब म्हणाला अन् हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आता त्या रानात नुसत्या काचा उभ्या हायत. कोंडाबाई रोजानं तिथंच जाते, काचा पुसायला. फाटकावर त्याच फोटोचा बोर्ड लावलाय, खाली लिहिलंय 'गावाची साथ'. बाई रोज त्याच्याखालून आत जाते.

यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा झाली अन् सगळ्यांचे हात वर गेले. कोंडाबाईचा पदरातच. तिची नात महामाया दंड ओढून म्हणाली, "आजे, कर की वर!"

"थांब बाई," कोंडाबाई म्हणाली. "आधी बघ, कोण फोटो काढून राहिलंय का."