गिरजाच्या फोटोवरचा डाग

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, आता घरात ऐकणारं कुणी नाही — तरी लिहिताना मी दोनदा उठून दार लावलंय का ते पाहून आलो. भित्र्या माणसाची खोड. पण भित्रा म्हणून सुटता येतं का?

मलकापुरात स्टेशनच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्य प्रांताबरोबर होतं, आणि फोटो काचेवर निघायचा. मसाला लावलेल्या काचा काळ्या कागदात गुंडाळून, बंद खोक्यात यायच्या.

माझा साडू बिहारकडे अभ्रकाच्या खाणीवर मुकादम होता. त्यानं मला तिथला एक दगड आणून दिला. मुठीएवढाच, पण उचलला की हात खाली जाई. डांबरासारखा काळा, फुटलेल्या कडेला चकाकी. फुटक्या कपाच्या कडेवर घासला तर तपकिरी रेघ उमटे. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या खडकात हा मिळायचा नाही, हा ग्रॅनाइटमध्ये होतो, आणि जिथं असतो तिथं भोवतीच्या खडकाला तडे जातात — असं त्याला खाणीवरच्या साहेबानं सांगितलेलं. गॅसबत्तीच्या मेंटलला लागणारी दुर्मिळ द्रव्यं म्हणे याच्यातही असतात.

जाताना साडू म्हणाला, "काचांपाशी नको ठेवजो. न दिसणारे किरन सुटतात यातून, बंद खोक्यातूनबी खराब करते हा."

मी हसलो. दगड काय करणार? शिलकीच्या काचांच्या खोक्याचं झाकण उडायचं, म्हणून त्यावरच ठेवून दिला. कित्येक महिने तो तिथंच होता.

मग गिरजा आली. जळगाव जामोदची मुलगी, लग्न होऊन मलकापुरात दिलेली. सासूनं हौसेनं जोडीचा फोटो काढवला. त्या शिलकीच्या खोक्यातली पहिली काच मी त्याच दिवशी काढली. कागदावर उतरवला, तर नवरा स्वच्छ — आणि गिरजाच्या चेहऱ्याच्या जागी राखेसारखा पांढरा डाग. डोळे नाहीत, कपाळ नाही. मी लपवणार तोच सासूनं तो हातातून ओढून घेतला.

"पोरीवर काही सावट तं नाई ना?" ती म्हणाली. "का तुमच्या मशिनीचा दोष हाय?"

दोष माझा म्हटलं असतं तर? बाजारात दुसरा फोटोवाला नुकताच आला होता. मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही."

सासू गेल्यावर त्याच खोक्यातली एक कोरी काच औषधात धुऊन पाहिली. फोटो न काढताच तिच्यावर त्याच जागी काळा डाग — काचेवर काळं ते कागदावर पांढरं! साडूचे शब्द आठवले आणि मी तो दगड फडक्यात धरून खोक्यावरून उचलला, दाराबाहेर ठेवला. तरी धावत जाऊन सासूला गाठलं नाही. दगडापेक्षा लोकांची भीती मोठी होती. चार दिवसांत गिरजाला माहेरी धाडल्याचं कानावर आलं.

इथवर चूक म्हणता येईल. इथंच थांबलो असतो, तर मी हे लिहायला बसलो असतो का?

पुढच्या महिन्यात गिरजा वडिलांबरोबर आली. आणखी एक फोटो काढा, तो स्वच्छ निघाला तर सासू नांदवायला नेणार, असं ठरलं होतं. तिनं तोंड धुतलं होतं, कुंकू नीट रेखलं होतं. पलीकडच्या कपाटात काचांचं नवं खोकं होतं. त्यातल्या काचेवर तिचा चेहरा लख्ख आला असता — आणि पहिल्या वेळी दोष कुणाचा होता, हे गावाला कळलं असतं. माझा हात नव्या खोक्याकडे गेला होता, हे मला पक्कं आठवतं. तो मी मागे घेतला. काच जुन्या खोक्यातली घेतली. डाग कुठं पडणार हे ठाऊक होतं — कॅमेरा तसाच लावला. "हलू नको, बाई," म्हणालो.

फोटो पाहून वडिलांनी तो टेबलावर उलटा ठेवला. गिरजा रडली नाही. "म्हंजे हाय माह्यावर काही?" तिनं मलाच विचारलं.

मी हो म्हणालो.

तिनं हात जोडले. "खरं सांगतलं तुम्ही, दादा. मले वाटे, सासूच खोटं बोलते."

ती पुन्हा सासरी गेली नाही. भावाची लेकरं जवळ आली की उठून जायची — आपलं सावट त्यांना लागेल म्हणून. हे मला तिच्या वडिलांनीच सांगितलं, माझ्या दुकानात बसून, मी मागवलेला चहा पीत.