खाकरून लावलेला दिवा

दिवा लावण्याआधी ते खाकरायचे. एकदाच, मोजकं, गळ्यातल्या गळ्यात. मग बटणाचा टक् असा आवाज यायचा.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या भिंती अशा आहेत, की शेजारच्या घरात फोडणी करपली तर आपण खिडकी उघडावी. त्यामुळे मी सकाळी बँकेत निघायच्या गडबडीत असले तरी शेजारच्या काकांचं हे खाकरणं मला रोज ऐकू यायचं. काही दिवस ऐकल्यावर राहवेना. ज्येष्ठमधाची पुडी घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"काका, घशाकडे दुर्लक्ष करू नका."

त्यांनी पुडी घेतली, एक काडी तोंडात टाकली, चवीने चघळली. "घसा ठणठणीत आहे, ताई. मी आत कळवतो."

"आत कोणाला?"

त्यांनी हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे बोट केलं. एखाद्या कामाच्या माणसाची ओळख करून द्यावी तसा चेहरा होता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. विचित्र गोष्ट इतक्या शांतपणे सांगतात, की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं.

ते टेलिफोन खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. लोक फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघायचे, त्या काळात त्यांच्या खात्याचा काय थाट होता हे ते रंगवून सांगत. "लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाखाली 'घरी फोन आहे' असं छापायचंच बाकी होतं. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि आम्हाला कोणी विचारेना." हे सांगताना त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. बायको लवकर गेली. एक मुलगी, तिला त्यांनीच वाढवली. ती हिंजवडीला कंपनीत लागली, आणि पहिल्या पगारातून तिने सोनं नाही, साडी नाही, तर खाऱ्या पाण्याची ही टाकी घेतली. तिच्यात दोन केशरी मासे आणि एका दगडाला चिकटलेलं पोवळं.

पोवळं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे अंगठी आली असेल. आमच्या सोसायटीत सगळ्यांच्याच आली. "मंगळाला चालतं का?" असं एकीने गंभीरपणे विचारलं होतं. हे पोवळं जिवंत होतं. भिजवलेल्या सुपारीच्या रंगाचं, मऊ, अळंबीच्या छत्रीसारखं, उजेडाला फुगणारं आणि अंधारात मिटणारं.

मग कंपनीने मुलीला अमेरिकेला पाठवलं. सहा महिन्यांसाठी, असं ती म्हणाली. सहा महिन्यांचं पुढे काय होतं, ते पुण्यातल्या निम्म्या आईबापांना ठाऊक आहे. निघताना ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, मासे गेले तर गेले. पोवळं तेवढं सांभाळा." त्यांनी ते शब्द सरकारी आदेशासारखे धरून ठेवले. ती परत येईपर्यंत ते जगलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट मग त्यांना या जगात करायची उरली होती. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, "एकच असली की बरी होते."

टाकीवर मुलीने दिव्याच्या जुन्या नळ्या लावल्या होत्या. त्या एप्रिलमध्ये अशा तापायच्या, की पाणी हाताला कोमट लागायचं. शिवाय वीज गेली की त्यांचा भार इन्व्हर्टरला झेपत नसे. काकांनी ठरवलं, एलईडीचा दिवा करायचा, आणि तो घरी करायचा. "विकत आणायला काय, कोणीही आणेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तारा जोडायला डाख द्यायचं जुनं यंत्र माळ्यावरून खाली आलं. सुट्टीचा दिवस होता, मीही त्यांच्याबरोबर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. त्यांनी दिव्यांच्या बारीक बारीक चिप घेतल्या आणि त्यांची उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पन्हाळीदार पट्टी घेतली. चिपांमध्ये निळ्याच जास्त. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"एवढे निळे? डिस्को काढताय?"

"पोवळ्याला लागतात."

"आमच्याकडे सोनारकाम होत नाही," दुकानदार म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दिवा मात्र देखणा झाला. निळ्यांना वेगळी चकती, पांढऱ्यांना वेगळी, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी फिरवायची. पांढरा विझवून नुसता निळा ठेवला, की ते सुपारीच्या रंगाचं पोवळं आतून हिरवंगार पेटायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली पर्स खाली ठेवली आणि बसूनच घेतलं. हा हिरवा त्याच्या अंगातलाच, काका म्हणाले, निळा फक्त तो बाहेर काढतो.

संध्याकाळी त्यांच्या खिडकीतला निळा उजेड रस्त्यावरून दिसायला लागला. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चाणाक्ष. जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "काय हो, जयंती पुढे ढकलली की काय यंदा?"

आजूबाजूला दोनचार माणसं होती. काका थांबले, आणि वर्गात शिकवावं तसं म्हणाले, "त्याचं काय आहे, समुद्रात खाली खाली गेलं की पहिला लाल रंग जातो. मग केशरी. मग पिवळा. शेवटपर्यंत टिकतो तो निळा. आता मी समुद्राला काय सांगणार?" सेक्रेटरींना अचानक पाण्याच्या टाकीची पातळी बघायची आठवण झाली.

पण सगळा घोळ झाला तो त्यांच्या अगत्यामुळे. दिवा बसला तो ऐन मे महिन्यात. पाहुण्यांचा राबता, बघायला येणाऱ्यांची रीघ. आलेल्या माणसाला अर्धवट उजेडात कसं बसवायचं? त्यांनी दोन्ही चकत्या शेवटपर्यंत फिरवल्या आणि सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत तशाच ठेवल्या. बुद्धपौर्णिमेला घर भरलं. पांढऱ्या साड्या, खिरीच्या वाट्या, आणि त्यांच्या धायरीच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, टाकीसमोर मानाची खुर्ची. आक्कांनी पोवळ्याकडे निरखून पाहिलं.

"पोरीचं पोवळं गोरं झालं की रे. रंग कसा उजळलाय."

खरंच उजळलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाळ उजळलं, नवरी उजळली, म्हणजे चांगलंच की! काकांची छाती फुगली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि म्हणाले, "बाळा, तुझ्या पोवळ्याचा रंग उजळलाय. आक्का म्हणते, दृष्ट काढ."

पलीकडून आवाज आला, "पप्पा, उजळलंय म्हणजे? पांढरं पडलंय?"

"अगदी मोत्यासारखं."

"पप्पा, दिवा बंद करा. आत्ता."

मग तिने समजावलं. त्या पोवळ्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि पोवळ्याला भरवतं. रंग त्याचाच. एकदम भगभगीत उजेड पडला, की पोवळं त्या शेवाळाला घराबाहेर काढतं. रंग जातो आणि जेवणही जातं. काचेमागचं ते मोत्यासारखं काहीतरी उपाशी मरत होतं, आणि आम्ही खीर खात त्याचं कौतुक करत होतो.

पाहुणे गेल्यावर ते अंधाऱ्या टाकीसमोर बसून राहिले. मी वाट्या गोळा करत होते. "तिने एकच गोष्ट मागितली होती, ताई," ते म्हणाले. त्या माणसाला वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी वाट्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र गडी उभा. सकाळी त्यांनी आधी धायरीला फोन लावला. "आक्का, ते गोरं झालेलं नाही. उपाशी पडलंय." आक्का सावळ्या, आणि त्यापायी तरुणपणी पुष्कळ ऐकून घेतलेल्या. काकांनी नंतर सांगितलं, की त्या एवढंच म्हणाल्या, "लवकर काळं होऊ दे बाई तिला."

दिवा त्यांनी पार छतापाशी उंच टांगला. चकत्या जेमतेम हलवल्या. मुलीच्या लहानपणची मच्छरदाणी फाडून तिच्या जाळीचे थर टाकीवर अंथरले. आठवडा गेला की एक थर काढायचा, मग पोवळ्याचा अंदाज घ्यायचा. मिटलं की थर पुन्हा घालायचा. कधी चिमटीत कोळंबीचा कण धरून ते त्याला भरवू बघत. आणि याच दिवसांत ते खाकरणं सुरू झालं.

"आमचे वडील बाहेरून आले की उंबऱ्याशी खाकरायचे," ज्येष्ठमध चघळत त्यांनी मला सांगितलं. "आत कोणी आडवं झालेलं असतं, कोणाचा पदर ढळलेला असतो. माणसांना सावरायला वेळ द्यायचा. स्वतःचं घर असलं तरी एकदम शिरायचं नाही. मी यांच्या घरात ढोल वाजवत शिरलो."

"पण त्यांना ऐकू येतं का?"

"त्यांना नसेल येत. मला येतं ना. खाकरलं की माझा हात चकतीवर हळू चालतो."

'उजळणं' हा शब्द त्यांनी त्यानंतर टाकून दिला. टीव्हीवर गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात लागली, की त्या हसऱ्या मुलीकडे बघून म्हणत, "उपाशी आहे बिचारी."

गणपतींच्या सुमारास पोवळ्याच्या कडेला तपकिरी रेघ दिसली. काकांनी मला हाक मारली ती अशी, की मी पिठाच्या हातांनी धावले. मग ती रेघ रुंदावत आत सरकत गेली. दिवाळीला मुलगी आली. बॅगा दारातच टाकून टाकीसमोर उभी राहिली. काका खाकरले, आणि त्यांनी नुसता निळा लावला. हिरवा हळूहळू चढत गेला.

"पप्पा, मी ठेवून गेले त्याहून हे मोठं झालंय."

"होणारच. तू येतेस किती दिवसांनी."

हे म्हणून ते स्वयंपाकघरात चहा टाकायला निघून गेले. मुलगी रडत होती आणि हसतही होती. चहाला त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

मुलगी परत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. पोवळ्याला पिल्लं झाली, शेजारचा दगड भरला. काकांनी ती पिल्लं कोणाला दिली नाहीत. "मालकीण इथे नाही," म्हणायचे.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. त्यांची एक किल्ली माझ्याकडे असायची. ते झोपेतच गेले होते. टाकी अंधारी होती, आणि आतलं सगळं मिटलेलं.

मुलगी आली, सगळं शांतपणे निभावलं. टाकी माझ्या हॉलमध्ये आणायची, हे आमचं दोघींचं न बोलताच ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तिने वडिलांच्या दिव्याला एक छोटं यंत्र जोडलं. आता दिवा आपला आपणच लागतो, आधी मंद निळा, मग कणाकणाने वाढत जातो. "मावशी, तुम्हाला काही करायला नको," ती म्हणाली. "चकतीला हातही लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बॅगा दाराशी होत्या. आम्ही दोघी चहाचे कप घेऊन टाकीसमोर बसलो होतो. दिवा लागायची वेळ झाली. तिने कप खाली ठेवला, सरळ बसली, आणि खाकरली.

"घसा बसलाय का गं?" मी विचारलं.

"नाही," टाकीवरची नजर न काढता ती म्हणाली. "आत कळवतेय."