गाणारा नसलेली कॅसेट

मला ठेवून घेतलं ते आमच्या नानांनी. हे आधीच सांगून टाकतो. माझी शाळा सातवीत सुटली, मुद्देसूद सांगायची सवय नाही, आणि बोलण्याच्या भरात मुख्य माणूसच राहून जाईल अशी धास्ती वाटते.

नाना म्हणजे भुसावळच्या आमच्या लग्नाच्या बँडचे मास्तर. वरात निघायच्या वेळी ते सॅक्सोफोन ओठांना लावायचे, पुन्हा काढायचे आणि मागे वळून आम्हाला म्हणायचे, "घाबरू नका रे भो. नवरदेव आपलापेक्षा जास्त घाबरेल शे." आम्ही हसलो की मगच पहिला सूर. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. पण लाल कोटाची बटणं पोटावर ताणलेली असताना इतक्या मऊ आवाजात बोलणारा क्वचितच.

मी सावंतवाडीकडचा. वीज केंद्रावर काम आहे असं कुणी तरी सांगितलं म्हणून एवढ्या लांब आलो. ते काम थोड्याच दिवसांत संपलं. गावी देवळात भजनाला पखवाज वाजवायचो, तेवढ्या भांडवलावर नानांनी माझ्या गळ्यात ड्रम अडकवला.

पण माझा ठोका रेंगाळायचा. भजनाचा हात तो, किंचित मागे राहणारा. आमचे क्लॅरिनेटवाले आबा तर भर रस्त्यात ओरडायचे, "ए कोकण्या, वरात मारुतीपर्यंत पोचली, तुझा ठोका अजून मांडवातच बसलाय जेवायला!"

नानांना मात्र तोच ठोका आवडला. तरुणपणी रेल्वेच्या एका गार्डसाहेबानं त्यांना सॅक्सोफोन शिकवला होता, आणि देश सोडून जाताना वाद्य नि काही विलायती तबकड्या देऊन गेला होता. त्या तबकड्यांतल्या संगीताला नाना जाझ-फंक म्हणायचे. हे काय असतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जाझ म्हंजे वाट सोडानी. फंक म्हंजे पाय सोडाना नही." तसल्या स्वतःच्या चार चाली त्यांनी बांधल्या होत्या. त्यांची एक छोटी कॅसेट काढायची आणि ड्रम मीच वाजवायचा, असं त्यांनी जाहीर केलं.

आबा भडकले. "लोक हसतील, सुपाऱ्या जातील. काढा कॅसेट, पण नाही चालली तर हा पोरगा परत कोकणात."

"कबूल," नाना म्हणाले. "चालनी नही त मी सोता त्याले गाडीत बसाडसू."

गावी आईला मी कळवलं होतं की इथं माझं बस्तान बसलंय.

धुळ्याला एका कॅसेटवाल्याच्या दुकानावर माडी होती. तिथं तो अहिराणी लग्नगीतं भरून घ्यायचा. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, पंखा आवाज करतो म्हणून बंद, आणि मधोमध छताला लोंबणारा एकच माईक. आम्ही त्याच्याभोवती उभे राहून वाजवायला लागलो, तर सगळं मेलेलं. सूर बरोबर, पण जीव नाही. आम्ही घामानं निथळलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

नाना एकदम म्हणाले, "अरे, आपण उभं राहीसन कधी वाजाडेल शे का? चाला!"

आणि आम्ही चालायला लागलो. माईकभोवती गोल, एकामागे एक, वरातीसारखे. पाय हलले तसे हातही मोकळे झाले. कॅसेटवाला आतून धावत आला. "नाना, सॅक्सोफोन जवळ येतो नि लांब जातो! काय ऐकू येईल लोकांना?"

"वरात एक जागे उभी ऱ्हास का?" नानांनी विचारलं आणि चालत राहिले.

कॅसेट निघाली आणि परत यायला लागली. एक जण दुकानदाराला म्हणाला, गाणारा भरायचा विसरलात. दुसरा म्हणाला, टेप खराब आहे, आवाज पळतो. पारोळ्याच्या एका गिऱ्हाइकानं तर गाणं कधी सुरू होतं म्हणून दोन्ही बाजू संपेपर्यंत वाट पाहिली होती. आबा मला म्हणाले, "बिस्तर बांध." नाना मला एवढंच म्हणाले, "कानबाई व्हवू दे. मंग दखू."

श्रावणात एका रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, तेव्हा बाहेरगावचं माणूस न् माणूस आपल्या घरी जातं. आमचा बँडही पांगला. माझं घर पार कोकणात, म्हणून नाना पारोळ्याला आपल्या घरी घेऊन गेले. बिस्तर मी बरोबरच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देवीला निरोप द्यायची मिरवणूक. बँडवाले सगळे आपापल्या गावी, गल्लीत वाजवणारं कुणी नाही. नानांच्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, हुकूम सोडला, "तुनी ती कॅसेट लाव." हातगाडीवर कर्णा चढला. अक्का देवी डोक्यावर घेऊन निघाली.

डोक्यावर देवी असली की बाई घाईनं चालत नाही. पाऊल उचलते, क्षणभर थांबते, मग टेकवते. माझा ठोका तसाच पडत होता. बायांनी आधी माना डोलावल्या, मग फुगड्या धरल्या, आणि सॅक्सोफोन जरा लांब गेला की त्या मोकळ्या जागेत आपली कानबाईची गाणी घालायला लागल्या. दरवेळी तो परत येईपर्यंत त्यांची ओळ पुरी व्हायची.

नदीवरून परतताना अक्का म्हणाली, "बरं व्हयनं नाना, यामा गानारा नही. आमले गाना म्हनाले जागा ऱ्हायनी."

नानांनी रस्त्यातच हात जोडले. "जाझले कानबाई पावनी रे भो!"

घरी रोट खायला पानं मांडली. रोटाचा तो प्रसाद फक्त भाऊबंदांनी खायचा असतो, परक्याला देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी ओट्यावर बसलो होतो. आतून नानांचा आवाज आला, "भाईर कसाले बठना? तुनं पान वाढेल शे." कुणी तरी कुजबुजलं. अक्कानं स्वतः माझ्या पानात रोट ठेवला आणि कुजबुज थांबली.

पुढं शेजारच्या गल्लीनं कॅसेट मागितली, मग गावोगावच्या बायांनी. धुळ्याच्या दुकानदारानं वेष्टणावर कानबाईचं चित्र छापलं. आबांनी मला बिस्तराचं पुन्हा कधी विचारलं नाही, फक्त म्हणाले, "रेंगाळ, रेंगाळ. तुझ्या रेंगाळण्यावर आता आमचं चाललंय."

आता नाना सुरतेला लेकीकडे असतात. छातीनं दगा दिलाय, वाजवणं बंद आहे. बँड आम्ही चालवतो. इतकी वर्षं मी त्यांच्या घरचं खाल्लं, आणि त्यांनी माझ्या घरचा घासही कधी खाल्लेला नाही, हे परवा सुरतेहून परतताना लक्षात आलं. नाना, श्वास जरा सावरला की मी न्यायला येईन. सावंतवाडीकडच्या आमच्या स्वयंपाकघरात तुम्हाला पाटावर बसवीन, आई आंबोळ्या नि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढेल. तेवढ्यानं फिटणार नाही. पण सुरुवात मी तिथूनच करणार आहे.