न जोडता येणारी तार

तुम्ही भावंडं फोनवर हसत विचारता, आजोबांची भट्टी कशी आहे? भट्टी बरी आहे. मला काळजी वाटते ती त्यांच्या हातांची.

वर्तकनगरचं आपलं घर तळमजल्यावर, त्यामुळे मागची पत्र्याची शेड आपल्याकडे आहे. तिथे आजोबांनी पोलादाला पाणी द्यायची, म्हणजे ते तापवून कडक करायची, विजेची भट्टी बांधायला घेतली. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते लाकूडकामाच्या पटाश्या बनवतात. बाहेर पाणी द्यायला दिलेल्या पटाश्या वाकड्या होऊन परत आल्या, म्हणून हा उद्योग. विटा रचून झाल्या, त्यांना खाचा पाडून झाल्या. त्या खाचांत बसवायची कॉइल कोणत्या तारेची, एवढंच ठरायचं होतं.

तारा दोन प्रकारच्या होत्या. नायक्रोमची तार तापून गार झाली तरी लवचीक राहते. दुसरी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची. ती जास्त उष्णता सोसते, पण एकदा तापली की ठिसूळ होते, वाकवायला गेलं की तुटते. आजोबांचं मन नायक्रोमवर बसलं होतं.

"तुटली तर जोडता येते," ते म्हणाले.

नेमकी त्याचीच मला भीती वाटत होती. पूर्वी शेगडीची कॉइल तुटली की आपल्याकडे कोणी लगेच नवी आणत नसे. पकडीने दोन्ही टोकं ओढायची, आकडा करून एकमेकांत अडकवायची, की झाली शेगडी सुरू. आजोबा यात वाकबगार. पण आता मधुमेहामुळे त्यांची बोटं बधिर झाली आहेत. चहाचा कप किती गरम आहे हेसुद्धा ते मला विचारतात. असा माणूस जोडकामाला भट्टीत हात घालणार होता.

आजोबा कॉइल आणायला गेले तेव्हा मीही बरोबर गेले. दुकानदाराने दोन्ही तारा समोर ठेवल्या. मी ठिसूळवाली मागितली.

"अगं, ती दुरुस्त होत नाही," आजोबा म्हणाले.

"म्हणूनच. तुटली की नवी घालायची."

"शेगडी तरी पेटवली आहेस का कधी नीट?"

"पेटवली. तुम्ही जोडलेलीच असायची, दर आठवड्याला तुटायची."

दुकानदार हसला, मला हसू आलं नाही. शेवटी त्या तारेच्या दोन कॉइल घेतल्या. एक भट्टीत बसली, दुसरी मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. मग आजोबांनी दोन दिवस चहाबद्दल मला काही विचारलं नाही. स्वतःच फुंकर मारून प्यायले.

गेल्या महिन्यात दुपारी ते पकड हातात घेऊन स्वयंपाकघरात आले.

"कॉइल दे. तुटली. टोकं ओढायला गेलो तर पुढचाही तुकडा गळून पडला."

म्हणजे जोडून बघितलंच होतं. मी टेस्टर घेऊन शेडमध्ये गेले. भिंतीवरचं बटण बंद होतं, प्लग मात्र तसाच आत.

"बटण बंद आहे ना," ते मागून म्हणाले.

मी टेस्टर तुटक्या तारेला लावला. दिवा लागला. शेडचं वायरिंग जुनं, बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं, त्यामुळे बंद करूनही कॉइलपर्यंत करंट येतच होता. पकडीच्या मुठीला रबर होतं, म्हणून निभावलं.

आजोबांनी तो दिवा पाहिला. मग त्यांनी प्लग उपसला आणि वायर गुंडाळून माझ्या हातात दिली.

वायरिंग आता बदलून घेतलं आहे. तरी कॉइल मागायला आले, की आधी मी शेडमध्ये जाते, प्लग बाहेर काढलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि मगच कपाट उघडते. ते कुरकुरतात. कुरकुरू देत.