खवचटाच्या हाती

ताई चिडल्या की बोलत नसत, टेबलावरच्या वस्तू ओळीने लावत. त्या दिवशी पेन, शिक्के, कापसाची बरणी, सगळं रांगेत उभं दिसलं आणि नर्स दारातूनच मागे फिरली.

ताई हॉस्पिटलच्या कानाच्या विभागात ऑडिओलॉजिस्ट. बारा वर्षांपूर्वी श्रवणचाचणीचं यंत्र बनवणारा कारखाना बंद पडला आणि यंत्रातून निघणाऱ्या फायली कुणालाच उघडेनात. ताईंनी सुट्ट्या खर्ची घालून, चुकत-माकत एक छोटं सॉफ्टवेअर पॅकेज लिहिलं. फाइल वाचायची आणि दोन्ही कानांचे आलेख काढायचे, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना खुलं ठेवलं. कुणीही वापरावं, बदलावं. बघता बघता ते शेकडो दवाखान्यांत पोचलं. देखभाल मात्र ताईंच्याच गळ्यात पडली.

त्या दिवशीचा राग आदल्या आठवड्यातला होता. तेव्हा वडील आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर बसल्या असताना ताईंना एका श्रवणयंत्र कंपनीचा मेल आला. या कंपनीने ताईंचं पॅकेज आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं होतं आणि आजवर आभाराचा एक शब्द लिहिला नव्हता. आता लिहिलं होतं, 'तुमच्या निष्काळजीपणामुळे पॅकेजमध्ये चूक राहिली असून आमचे ग्राहक खोळंबले आहेत. सोमवारपर्यंत दुरुस्ती करावी. जमत नसल्यास पॅकेज आमच्याकडे सोपवावे.'

"निष्काळजीपणा म्हणे," ताई धाकट्या बहिणीला म्हणाल्या. "मी काय यांच्या घरी राबायला आहे?"

"मग देऊन टाक ना. ब्याद तरी जाईल."

"देणारच आहे. पण यांना नाही. आज घेतील आणि उद्या कुलूप लावतील."

वडील जनरल वॉर्डात आल्यावर ताई वारसदार शोधायला बसल्या. पॅकेजच्या पानावरची तक्रारींची जुनी यादी उघडली, तर जिकडेतिकडे एकच माणूस. त्याला त्या मनातल्या मनात खवचट म्हणत. तीन वर्षांत त्याने एकदाही 'कृपया' लिहिलं नव्हतं. 'डाव्या कानाची निळी रेघ उजव्या कानावर छापली जाते. इथे कुणी तपासतं की नाही?' हे वाचून ताई तेव्हा दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या. आता त्यांनी त्याच्या एकूण एक तक्रारी तपासल्या. एकेचाळीस होत्या. एकोणचाळीस बरोबर निघाल्या. त्याचा त्यांना आणखीनच संताप आला.

तरी फोन केला. खवचट म्हणजे श्रवणयंत्रं दुरुस्त करणारा एक दुकानदार निघाला.

"मला हाकलायला फोन केलात ना?" तो म्हणाला.

"तुम्ही इतकं टोचून का लिहिता?"

"परवा एक आजी आल्या होत्या. ज्या कानाने ऐकू येतं त्यातच यंत्र. सहा महिने तसंच वापरत होत्या. मला गोड शब्द कुठून सुचणार?"

ताईंनी त्याची ती जुनी तक्रार पुन्हा उघडली. रेघेची ती चूक त्यांचीच होती. दुरुस्त केली होती, पण पॅकेजची जुनी आवृत्ती कुठेकुठे अजून चालू होती.

"पॅकेज सांभाळाल?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सांभाळीन. पण तुमच्या कोडमधलं मला पटणार नाही ते मी काढणार. नंतर रुसायचं नाही."

हस्तांतराला सहा आठवडे लागले. कुठली फाइल कुठे बिनसते, कुठल्या यंत्राचे आकडे उलटे येतात, हे ताईंनी बसून लिहून दिलं. शेवटी पासवर्डही देऊन टाकला. पुढच्याच आठवड्यात खवचटाने आलेखाच्या पार्श्वभूमीला रंग देणारा एक भाग काढून टाकला. ताईंनी तो पहिल्या वर्षी महिनाभर खपून लिहिला होता. त्याने टीप लिहिली होती, 'याची गरज नव्हती.'

ताईंनी लॅपटॉप धाडकन मिटला. चार दिवस त्या बहिणीशीही नीट बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी कोड उघडून पाहिला. खरंच गरज नव्हती.

कंपनीने खवचटालाही तसाच मेल पाठवला. त्याने तो उत्तरासकट पॅकेजच्या पानावर सगळ्यांसमोर लावला. उत्तर असं होतं: 'कोड खुला आहे. स्वतः दुरुस्त करा आणि इथे पाठवा.' आठवड्याभराने कंपनीच्या इंजिनिअरने मुकाट्याने दुरुस्ती पाठवली. खवचटाने ती दोनदा परत केली, तिसऱ्यांदा घेतली.

हे असं एका ओळीत सांगता येतं, हे आपल्याला बारा वर्षांत कधी सुचलं नाही, याचा ताईंना कंपनीपेक्षा जास्त राग आला. तो राग काही गेला नाही. अखेर दोन-अडीच महिन्यांनी वडिलांना घरी आणलं त्या दिवशी त्यांनी, अजूनही आपल्याला येणारे पॅकेजच्या तक्रारींचे मेल तेवढे बंद करून टाकले.