माइक बंद पडला तेव्हा

कुठेही माइकची कर्कश शिट्टी ऐकली की मला नवागामचा तो समाजाचा हॉल आठवतो. विद्यार्थ्यांचा गुणगौरव होता आणि बक्षिसांआधी आमच्या संगीत नाटकातला एक प्रवेश ठेवला होता. पाहुणे मागे खुर्च्यांवर बसले होते. कापडाच्या लूमच्या पाळीवरून थेट आलेले पप्पा आणि त्यांचे सोबती पुढे सतरंजीवर, अंगाला मशीनच्या तेलाचा वास तसाच. सासरी निघालेल्या मुलीचं पद मी सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला माइक शिट्टी मारून बंद पडला. पंख्यांच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. खुर्च्यांवर कुजबुज वाढली, कुणीतरी गुजरातीत "अवाज नथी आवतो!" म्हणून ओरडलं. सतरंजीवर मात्र कुणी हललं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पद संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, पप्पांनी तर रुमालाने डोळे पुसले. पुढे मिळालेल्या ढालीपेक्षा मला त्याचंच अप्रूप वाटलं. घरी जाताना मी म्हटलं, "पप्पा, माइक बंद पडला तरी तुम्हाला सगळं ऐकू आलं!" ते थांबले. "माइक बंद पडी गया व्हता? कव्हय?" कधी, ते त्यांना कळलंच नव्हतं. लूमच्या खडखडाटात ही माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. लूमच्या शेडबाहेरही त्यांचं तसंच चालतं, हे तेव्हा कळलं. आता मी वापीला असते. पप्पा साधा फोन घेतच नाहीत, व्हिडिओ कॉलच करायला लावतात. शेजारीण म्हणते, लेकीचं तोंड बघायची किती हौस त्यांना! मी हो म्हणते.