मेणबत्ती विझेपर्यंत

आमच्या जिन्यात दोब्रिलाचा विषय निघाला की लोक अजूनही म्हणतात, "ती होय, कुत्रेवाली!" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दोब्रिलाने जन्मात कधी कुत्रा पाळला नाही. बालवाडीच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेली बाई ती, स्वच्छतेचं इतकं वेड की घेवड्याच्या बिया निवडायला बसायची तरी आधी टेबल पुसून घ्यायची. तिच्या माथी कुत्रा मारला तो दुसऱ्यांनी, आणि तोही तिच्याच घरी, तिच्याच ताटात जेवताना.

मी तिच्या समोरच्या दारात राहते. घरातच बायकांचे केस कापते, त्यामुळे चौथ्या मजल्यावर कोण आलं, कोण गेलं, कोण कुणावर रुसलं, हे मला विचारावं लागत नाही. दोब्रिला आणि तिचा नवरा झिवोयिन त्या घरातली लहान खोली भाड्याने घेऊन राहायला आले तेव्हा मोठ्या खोलीत घरमालकीण लेपोसावा राहत होती. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मधला बोळ सगळ्यांचा. पुढे झिवोयिन गेला. मग लेपोसावा अंथरुणाला खिळली, आणि तिला भरवण्यापासून ते कूस बदलण्यापर्यंत सगळं दोब्रिलाने केलं. लेपोसावाचा मुलगा रादोमिर नीश शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, फरशांचं दुकान चालवायचा, रविवारी संत्री घेऊन यायचा.

आईला पोचवून आल्यावर त्याने दोब्रिलाचे दोन्ही हात धरले. मी तिथेच होते. "काकू, तुम्ही आहात तोवर ही खोली तुमची. मी कुणाचं ऐकणार नाही. फक्त एक सांभाळा, घरात जनावर येऊ देऊ नका. ही लाकडी जमीन बाबांनी गुडघे टेकून एकेक पट्टी बसवून केलीय."

"जनावर कशाला येतंय रे इथे?" दोब्रिला म्हणाली होती.

मोठी खोली तो भाड्याने देऊ लागला. बरेच जण येऊन गेले, आणि मग आले ओग्न्येन आणि तियाना. नवं लग्न, गोड बोलणं. पहिल्याच आठवड्यात तियाना दोब्रिलाला मावशी म्हणू लागली, आणि काही हवं असलं की आई. दोब्रिलाला मूलबाळ नव्हतं. तो एक शब्द ऐकला की ती लोण्यासारखी वितळायची, आणि हे त्या पोरीने लगेच हेरलं होतं.

थोड्याच महिन्यांत ओग्न्येनच्या जाकिटातून एक पिल्लू डोकं बाहेर काढून घरात शिरलं. "मावशी, आठवडाभरच हं. माझ्या मित्राचं आहे." आठवडा कसला! पिल्लाचं वासरू झालं. नाव ठेवलं ग्रोफ, म्हणजे जहागीरदार, आणि थाटही तसाच. धनी दोघेही सकाळी कामाला जायचे आणि जहागीरदार दिवसभर खोलीत कोंडलेला, दारावर नखं घासत, गळा काढून भुंकत. संध्याकाळी दोघं दमून यायचे, सोफ्यावर पसरायचे. त्याला खाली न्यायचं कुणी? जिन्याचं दार उघडून नुसता सोडून द्यायचे. मग तो कधी सायकलींच्या खोलीत, कधी कुणाच्या पायपुसण्यावर आपला कार्यभाग उरकून यायचा.

एकदा माझ्याच दारात. मी ओग्न्येनला तिथेच गाठला. "अहो धनी, तुमच्या जहागीरदारांनी माझ्या दारात नजराणा ठेवलाय, तेवढा उचला."

"नेवेन्काताई, कुत्रा आहे तो. त्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळत, कबूल. तुला तरी कळतं का?"

तो हसला आणि आत गेला. थोड्या वेळाने बादली घेऊन कोण बाहेर आलं? दोब्रिला. मी तिलाही सोडलं नाही. "अगं, तू का मरतेस? घाण त्यांच्या कुत्र्याची ना?"

"जाऊ दे गं. पोरं दमून येतात."

शेवटी त्या कुत्र्याचं सगळं तिच्याच गळ्यात पडलं. भुंकून भुंकून त्याचा घसा बसायला लागला म्हणून ती दिवसा दार उघडून त्याला स्वयंपाकघरात घेऊन बसू लागली. मग हाडं उकडून घालू लागली. मग दोरी बांधून नदीकाठी फिरवू लागली, पिशवी घेऊन, मागचं सगळं उचलत. "बस" म्हटलं की तो तिच्या पायाशी बसायचा. ओग्न्येनने हजारदा हाक मारली तरी ढिम्म. लोकांना काय दिसणार? कुत्र्यासोबत दोब्रिला दिसायची. तिचं नाव कुत्रेवाली तेव्हाच पडलं.

खालच्या मजल्यावरच्याने एकदा भुंकण्याची तक्रार थेट रादोमिरकडे केली. त्याचा फोन आला तेव्हा तियाना दोब्रिलाच्या बाहीला धरून रडत होती. "आई, आम्हाला तो रस्त्यावर काढेल. कुठे जाऊ आम्ही?" आणि दोब्रिला, जिने कधी बालवाडीतली साखर चहाला घरी आणली नाही, ती फोनवर म्हणाली, "माझ्या बहिणीचा कुत्रा होता रे, दोन दिवस आली होती ती. गेली आता."

मी म्हटलं, "हे तुझ्या अंगाशी येणार."

"त्यांनी शब्द दिलाय, नवं घर शोधतायत."

शब्द! त्या दोघांच्या शब्दाला फोडलेल्या अक्रोडाच्या टरफलाइतकी किंमत नव्हती.

आता संत लुकाच्या दिवसाचं सांगते. तो झिवोयिनच्या घराण्याचा संत. नवरा गेला तरी संत दोब्रिलाकडेच राहिला. तसबीर तिच्या खोलीत, पण स्लावाचं, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाचं, जेवण मोठ्या टेबलावर, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात. स्लावाला कुणाला बोलावणं जात नाही. ज्याला दिवसाची आठवण आहे तो येतो, आणि येईल त्याला बसवायचं, वाढायचं. मेणबत्ती जळत असेपर्यंत यजमानाने पाहुण्याला वाकडा शब्द बोलायचा नाही, मग तो पाहुणा कसाही असो. दोब्रिला हे काटेकोर पाळायची. रादोमिर दरवर्षी यायचा, आईच्या जागेवर बसायचा.

त्या वर्षी तिने त्या दोघांकडे एकच गोष्ट मागितली. "त्या दिवशी कुत्रा घरात नको. रादोमिर येतो. एक दिवस न्या कुठेतरी."

"हे काय सांगणं झालं, मावशी?" ओग्न्येन म्हणाला. "माझ्या भावाकडे गावाला सोडतो. तुमचा संत तो आमचा संत."

दिवस उजाडला. दोब्रिलाने मेणबत्ती लावली, भाकरी कापली, आलेल्या प्रत्येकाने उभ्यानेच उकडलेल्या गव्हाचा गोड घास घेतला. मी वाढायला होते. ओग्न्येन आणि तियाना नटूनथटून बसले होते, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेली सार्मा दोनदा घेऊन झाली होती. रादोमिर आईची आठवण सांगत होता. एवढ्यात बोळात काहीतरी धडपडलं, दाराचं हँडल खाली गेलं आणि जहागीरदार आत. भावाकडे नेलाच नव्हता. हाड देऊन खोलीत कोंडला होता, आणि भाजलेल्या मांसाचा वास आल्यावर त्याने हँडलवर पंजा टाकला.

टेबलाभोवती एवढी माणसं. तो कुणाकडेही न बघता सरळ दोब्रिलाकडे गेला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसला.

रादोमिरने काटा खाली ठेवला. "हा कुणाचा?"

मी ओग्न्येनकडे बघत होते. त्याने आधी तियानाकडे पाहिलं, मग ताटाकडे. "मावशींचा," तो म्हणाला. "आम्ही किती वेळा म्हटलं त्यांना, मालकांना सांगून टाका."

तियाना मान हलवत होती. हो, हलवत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तोंडात अजून दोब्रिलाच्या हातचा घास होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं.

"अरे चोरा..." मी सुरुवात केली, तर दोब्रिलाने माझं मनगट असं आवळलं की बोटं उमटली. "नेवेन्का, भाकरी संपलीय. आण जरा."

"काकू," रादोमिर म्हणाला, "हा म्हणतोय ते खरं आहे?"

तिने मेणबत्तीकडे बघितलं. "रादोमिर, आज बस. जेव बाबा. तुझ्या आईला आवडायची तशी केलीय सार्मा."

तो थांबला नाही. छातीवर क्रूसाची खूण करून उठला आणि भरलं ताट टाकून निघून गेला. दोब्रिलाने उरलेल्यांना वाढलं. त्या दोघांनाही वाढलं! संध्याकाळी शेवटचा पाहुणा गेल्यावर तिने रिवाजाप्रमाणे वाइनने मेणबत्ती विझवली आणि मग खुर्चीत बसून रडली. कुत्रा तिचे हात चाटत होता. ती त्याला ढकलत होती आणि पुन्हा जवळ घेत होती.

सकाळी ती त्यांच्या दारात उभी राहिली. "जा, आणि त्याला खरं सांगा."

तियाना डोळे चोळत म्हणाली, "मावशी, तुम्हाला थोडाच काढणार आहे तो? तुमच्यावर जीव आहे त्याचा. आम्हाला मात्र त्याच दिवशी काढील. जरा समजून घ्या ना."

या वेळी तिने आई म्हटलं नाही. गरज संपली होती.

आम्ही दोघी रादोमिरच्या दुकानात गेलो. मी घडाघडा सगळं सांगितलं. रादोमिर ऐकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. "मी मेणबत्तीसमोर विचारलं होतं," तो म्हणाला. "तू म्हणतेस ते खरं असतं तर त्या बोलल्या असत्या. मेणबत्तीसमोर गप्प बसतं ते कोण?"

"अरे, यजमानीण होती ती! आपल्या पाहुण्याला टेबलावर खोटारडा म्हणेल?"

"शेजारीण शेजारणीचीच बाजू घेणार, नेवेन्का." मग तो तिच्याकडे वळला. "काकू, तेव्हाचा तो बहिणीचा कुत्रा, तो खरा होता?"

दोब्रिला तिथे हो म्हणाली असती तर कदाचित वाचली असती. ती म्हणाली, "नाही. तेही खोटंच होतं. याच कुत्र्यासाठी बोलले."

"बघ," रादोमिर मला म्हणाला. आणि त्या एका शब्दात तिची खोली गेली. आईचं सगळं केलेल्या बाईला त्याने महिनाअखेरीची मुदत दिली. कुत्रा ठेवला म्हणून नाही, म्हणे, खोटं बोलली म्हणून. आणि जे खरे खोटारडे, ते मोठ्या खोलीत आरामात.

ती पिरोतला बहिणीकडे निघाली. तसबीर टॉवेलात गुंडाळलेली. ओग्न्येन बोळात आला, हातात कुत्र्याची दोरी. "मावशी, याला पण न्या ना. संध्याकाळी मालक खोली बघायला यायचेत. हा इथे दिसला तर..."

त्याला लाज म्हणून काही नव्हतीच. दोब्रिलाने दोरीकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे. "बस," ती म्हणाली, आणि तो बसला. "ओग्न्येन, तुझा कुत्रा तू सांभाळ. आजवर एवढं एकच केलं नाहीस." आणि ती जिना उतरली.

त्या संध्याकाळी त्यांनी कुत्रा गाडीत लपवला. पण किती दिवस लपवणार? हिवाळा सरता सरता न्हाणीघराचा नळ फुटला, रादोमिर न सांगता आला, आणि दार उघडलं ते जहागीरदारांनी. दोब्रिलाला जाऊन कितीतरी महिने झाले होते. बापाने बसवलेल्या पट्ट्या मुताने काळ्या पडून फुगल्या होत्या. रादोमिरने वाकून त्यांवरून हात फिरवला. मी माझ्या दारातून सगळं बघत होते. त्याने दोघांना काढलं, आणि जाताना त्यांनी कुत्रा खालच्या कठड्याला बांधून ठेवला. मला कुत्रे आवडत नाहीत. आता तो माझ्याकडे असतो.

रादोमिरने तिला फोन केला, ये म्हणाला, खोली तशीच ठेवलीय म्हणाला. ती म्हणाली, "त्या भिंतीवर माझा संत मी पुन्हा टांगणार नाही," आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी संत लुकाचा दिवस आला तेव्हा रादोमिरच मला म्हणाला, "चल पिरोतला. स्लावाला बोलावणं लागत नाही." त्याच्या गाडीतून मी, तो आणि कुत्रा गेलो. बहिणीच्या लहानशा स्वयंपाकघरात मेणबत्ती जळत होती. दोब्रिलाने दार उघडलं, मला मिठी मारली, कुत्र्याचं डोकं कुरवाळलं, आणि रादोमिरला म्हणाली, "ये. बस." त्याला पहिलं ताट वाढलं. तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, माझं चुकलं."

"सार्मा घे," ती म्हणाली. "थंड होतेय."

परतताना तो हलक्या मनाने गाडी चालवत होता, शीळ घालत. "बघितलंस ना, नेवेन्का? एक वाकडा शब्द नाही. माफ केलं त्यांनी मला."

"रादोमिर," मी म्हटलं, "गाडी वळव. आत्ता मेणबत्ती विझली असेल. जा आणि आता विचार, माफ केलं का."

त्याने गाडी वळवली नाही.